मशीनचा डावा खण

वजनमापं खात्यात मी चौतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, झिजलेली वजनं जप्त करायची, कापडवाल्यांच्या पट्टीला आपली पट्टी लावून बघायची, हे माझं काम. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याच गोष्टीला अंदाजाने हात लावायची सोय नव्हती. चहात साखर पडायची तीसुद्धा सपाट चमच्याने. लेक म्हणायची, "बाबा स्वप्नंसुद्धा मोजून बघत असतील." त्यावर आमची ही म्हणायची, "बघू दे गं, तेवढीच मला शांतता."

असा मी माणूस, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली ती बायकोला भेट देताना.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. ही पंधरा दिवस भावाकडे राहिली आणि मी घरात एकटा उरलो. तिची एक जुनी पायडलची शिलाई मशीन होती. काळी, सोनेरी वेलबुट्टीची, खाली ओतीव लोखंडाचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंना एकेक लाकडी खण. लग्नाआधीपासूनची. त्या मशीनचा पट्टा सुटायचा, पायडल कुरकुरायचं, आणि ही वाकून वाकून तिला तेल घालत बसायची. मी मनाशी म्हटलं, बिचारी आईच्या दुःखातून परत येईल, तर समोर काहीतरी चांगलं दिसू दे. एका दुकानात जुनी मशीन देऊन नवी, विजेवरची घ्यायची सोय होती. मी घेऊन टाकली.

जुनी देण्याआधी मी दोन्ही खण रिकामे केले. माझं काम व्यवस्थित असतं. उजव्या खणातल्या कात्र्या, खडू, बटणं, सुया डब्यात भरल्या आणि डब्यावर यादी चिकटवली. डाव्या खणात नुसते दोरे होते. पांढरे, सुती, जाडसर, प्रत्येक दोनेक हात लांब, आणि प्रत्येकाला जागोजागी गाठी. पन्नासेक तरी असतील. गाठी पडलेला दोरा कोणाच्या काय कामाचा? सगळे कचऱ्याच्या पिशवीत कोंबले. एक तेवढा वरचा ठेवला आणि त्याने नव्या मशीनचं हमीपत्र आणि पावती असं पुडकं बांधलं. काटकसर ही माझी दुसरी खोड.

ती आली तेव्हा मी दारात उभा होतो, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. तिने मशीन पाहिली. तिचा डावा हात बाजूला गेला, पूर्वी खण असायचा तिथे, आणि हवेतच राहिला.

"जुनीच्या खणातलं?" तिने विचारलं.

"सगळं डब्यात आहे. यादीसकट. डावीकडे नुसता दोऱ्यांचा गुंता होता, तो फेकला."

"कधी?"

"आज सकाळी. का गं?"

तिने तो हात मागे घेतला. "छान आहे मशीन," म्हणाली, आणि दूध आणते म्हणून तशीच खाली गेली. परत आली ती चांगली तासाभराने, आणि हात हलवत. मी हसलो. म्हटलं, "अगं, दूधच विसरलीस की."

"हो," ती म्हणाली. "विसरलेच."

त्यानंतर तिने नवी मशीन वापरली नाही असं नाही. उशांचे अभ्रे शिवले, पडद्यांच्या कडा मारल्या, माझ्या पँटी आखूड केल्या. पण पूर्वी ती माणसांसाठी शिवायची. लेकीचे फ्रॉक, भावाचे सदरे, वरच्या मजल्यावरच्या जुळ्यांना एका कापडातले दोन झगे. दुपारी पायडल चालू असायचं आणि त्याच्या तालावर ती गुणगुणायची. त्या गुणगुणण्याला ना चाल होती ना शब्द. सुट्टीच्या दिवशी मी पलीकडच्या खोलीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलेला असायचो आणि ते ऐकत ऐकत मला झोप लागायची. नवी मशीन आली आणि ते सगळं बंद झालं. मी नोकरीत होतो तोवर मला ते फारसं कळलंही नाही. निवृत्त झालो, दुपारी घरी राहायला लागलो, आणि मग ती शांतता मला खायला उठली.

गेल्या वर्षी लेकीचा फोन आला. ती दूर असते. तिला आईच्या हातचा एक झगा हवा होता. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत होतो.

"आता नाही गं जमत," ही म्हणाली. "हात विसरला."

चाळीस वर्षं शिवलेला हात असा विसरत नाही, हे मलासुद्धा कळत होतं. त्या भेटीतच काहीतरी बिनसलंय, असा संशय मला इतकी वर्षं होताच. नेमकं काय ते विचारायची छाती झाली नाही. मी ठरवलं, तशीच जुनी मशीन शोधायची, दुरुस्त करायची आणि तिच्यापुढे ठेवायची. मला तिचं शिवणं परत हवं होतं. खरं सांगायचं तर तिने मला माफ केलेलं हवं होतं, आणि तेही मला माफी मागायला न लागता.

ज्या दुकानात जुनी दिली होती तिथे आता चपला मिळत होत्या. मग मी जुना बाजार पालथा घातला. तिसऱ्या आठवड्यात एका भंगारवाल्याकडे तशीच मशीन दिसली. तोच कारखाना, तीच वेलबुट्टी. त्याने तिच्यावर माशांची काचेची पेटी ठेवली होती. पाणी सांडून सांडून फळीचा वरचा पापुद्रा सुटला होता आणि डावा खण फुगून गच्च बसला होता. मी खिशातून भिंग काढलं, चाकावरचा गंज पाहिला, टेप लावून फळी मोजली.

"साहेब," भंगारवाला म्हणाला, "मशीन घ्यायला आलात की धाड टाकायला?"

"सवय आहे."

"मग माझा वजनकाटा बघू नका म्हणजे झालं."

मी पाहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका वजनकाट्याकडे पाठ फिरवली.

मशीन थेट मिस्त्रींकडे नेली. शिलाई मशीन दुरुस्त करणारे असे आता फार उरले नाहीत. हे गृहस्थ माझ्याहून मोठे, आणि बारीक काम करून करून त्यांना एक डोळा मिटूनच जगाकडे बघायची सवय लागलेली. त्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. त्यांनी चाक फिरवून पाहिलं. हललं नाही.

"ठेवून जा," ते म्हणाले. "महिन्याने या."

"मला स्वतःला करायचीय."

मिटलेला डोळा तसाच ठेवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणासाठी?"

"बायकोसाठी."

"मग करा. हात तुमचे, शिव्या माझ्या."

घरी सांगितलं की रोज सकाळी फिरायला जातो. महिनाभर मी जिन्याखाली बसून फिरलो. पहिले चार दिवस नुसतं रॉकेल. जुनं तेल आत वाळून राळेसारखं चिकट झालं होतं. प्रत्येक भोकात थेंब थेंब रॉकेल सोडायचं, थांबायचं, चाक केसभर हलवून बघायचं, पुन्हा सोडायचं. पाचव्या दिवशी चाक अर्धं फिरलं आणि मला इतका आनंद झाला की मी त्याच रॉकेलच्या फडक्याने उत्साहात सगळी मशीन पुसून काढली. फडकं पिवळं झालं. वेलबुट्टीतली तीन पानं फडक्यावर आली होती.

"वा!" मिस्त्री म्हणाले. "सोनं काढलंत! आता जरा मशीनही ठेवा."

मी कानाला खडा लावला. त्यानंतर वेलबुट्टीला फक्त मशीनच्या तेलाचा बोळा, आणि तोही फुंकर घालावी तितक्या हलक्या हाताने. लोखंडी सांगाड्याचा गंज घासून काढला. पायडलच्या दांडीत लाकडाची चकती बसवली. नवा चामड्याचा पट्टा घातला. या जुन्या मशीनच्या पोटात होडीच्या आकाराचं शटल असतं. ते पुढेमागे झुलतं आणि खालचा दोरा वरच्या दोऱ्यात ओवतं. ते मी आठ वेळा उलटं बसवलं. पायडल मारताना चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. मिस्त्री शिव्या द्यायचे त्यासुद्धा एका लयीत.

घरी ही माझ्या बाह्या बघायची. "फिरायला जाता की पेट्रोल पंपावर?" तिने एकदा विचारलं.

"रस्त्यात एकाची गाडी बंद पडली होती."

"रोज?"

मी बाह्या दुमडून घेतल्या. तिने पुढे विचारलं नाही. न विचारण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

शेवटी डावा खण राहिला. मिस्त्रींनी कडेने पातळ पातं घातलं, साबण चोळला, मी ओढला, आणि खण माझ्यासकट मागे आला. आत एक गंजकी टाचणी, बाकी काही नाही.

"तुमच्या बाई काय ठेवायच्या डाव्या खणात?" मिस्त्रींनी खणाची कड तासता तासता सहज विचारलं.

"काही नाही हो. गाठी पडलेले दोरे. गुंता नुसता."

त्यांचा रंधा थांबला. "गाठी कशा?"

"कशा म्हणजे? जागोजागी. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन."

"आधी एक, मग दोन, मग तीन, मग चार? सगळ्या दोऱ्यांना?"

मी आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे ती कचऱ्याची पिशवी आली. "असेल. हो. तसंच होतं."

मिस्त्रींनी मिटलेला डोळा उघडला. महिनाभरात मी त्यांचे दोन्ही डोळे पहिल्यांदाच पाहत होतो. "साहेब, ती मापं होती. माझी आई अशीच ठेवायची. दोऱ्याच्या टोकापासून धरायचं. खांद्याच्या लांबीवर एक गाठ, बाहीच्या लांबीवर दोन, अंगाच्या उंचीवर तीन, छातीच्या घेराला चार. एका माणसाचा एक दोरा. माणूस परगावी असला तरी त्याचा सदरा बेतता येतो."

मी ती गंजकी टाचणी उचलून फळीवर ठेवली.

"किती होते?"

"पन्नासेक."

"पन्नास माणसं," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा रंधा मारायला लागले.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिने माझ्या छातीभोवती दोरा गुंडाळला होता, सदरा शिवायचा म्हणून. मी खो खो हसलो. म्हटलं, "ही काय मोजायची तऱ्हा? असं कोणी दुकानात केलं तर मी दुकानाला टाळं ठोकीन!" दुसऱ्या दिवशी खात्यातून तपासून घेतलेली टेप आणून तिच्या गळ्यात घातली, अगदी हारासारखी. त्यानंतर माझ्यासमोर ती टेपनेच मापं घ्यायची. मला वाटलं, एक वाईट सवय मोडली. ती मोडली नव्हती. माझ्या नजरेआड डाव्या खणात गेली होती.

आणि सासूबाई जाऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा मी तो खण रिकामा केला. त्यात सासूबाईंचा दोरा असणारच. त्या वर्षी ही त्यांच्यासाठी गरम जाकीट शिवणार होती. राखाडी लोकरी कापड आणूनही ठेवलं होतं. आईच्या अंगाचं जे माप तिच्याकडे राहिलं होतं, ते मी कचऱ्यात घातलं, आणि वर दूध विसरलीस म्हणून हसलो. त्या दिवशी तासभर ती कुठे गेली होती ते मला जिन्याखाली बसल्या बसल्या कळलं. लाज वाटली असं म्हणणं फार थोडं होईल.

घरी येताना वाटेत एकदम थांबलो. पुडकं! हमीपत्राचं पुडकं!

कपाटातली फाइल काढली. होतं. अकरा वर्षांत हमी संपून गेली, पण दोरा पुडक्याला तसाच होता. ही स्वयंपाकघरात होती. मी दार लावून घेतलं आणि गाठी मोजल्या. एक. दोन. तीन. चार. सवयीने टेप लावलीच. खांदा सतरा इंच. बाही साडेतेवीस. छाती पस्तीस.

कोणाचं हे माप? सासूबाईंचं? त्या उंच होत्या, निदान मला तरी तशा आठवत होत्या. भिंतीवरच्या फोटोत त्या खुर्चीत बसलेल्या, त्यावरून काय कळणार? चौतीस वर्षं मी लोकांची मापं तपासली आणि घरातल्या एकाही माणसाचं माप मला ठाऊक नव्हतं. पण खणात सगळ्यात वर हाच होता. त्यांच्या जाकिटाचं चाललं होतं, म्हणजे तो वर असणारच. मी स्वतःची अशी समजूत घातली. आजवर मी कधी देवाकडे काही मागितलं नाही, पण त्या दिवशी म्हटलं, हा सासूबाईंचाच असू दे. बाकी एकोणपन्नास माणसांचं पाप माझ्या माथी, पण एवढा एक त्यांचा असू दे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना आणि टेम्पोला घेऊन मशीन घरी आणली. दोरा आधीच डाव्या खणात ठेवला होता, नीट गुंडाळून. मिस्त्री खिडकीशी मशीन लावून निघाले. मी चहाचा आग्रह केला, तर म्हणाले, "आज नको. आज तुमच्यात मी नको."

ही हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"ती नाही," मी घाईने म्हणालो. "तिच्यासारखी आहे. वेलबुट्टीतली तीन पानं माझ्या हातून गेली."

"म्हणजे फिरायला जाणं ते हे होतं."

"हो."

ती मशीनजवळ आली. चाकावर तळवा ठेवला, स्टुलावर बसली, पायडलवर पाय ठेवला. चाक तिच्या हाताखाली बरोबर दिशेला फिरलं. हात काही विसरला नव्हता. मग तिचा डावा हात न बघता बाजूला गेला आणि या वेळी खणाच्या मुठीला लागला.

तिने खण उघडला. दोरा पाहिला. बराच वेळ तिने त्याला हात लावला नाही.

"एवढा एकच राहिला," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं गं. मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा कळलं. कागद बांधायला घेतला होता, म्हणून राहिला. बाकीचे मी..."

"माहितीये," ती म्हणाली. "मी त्या दिवशी खाली गेले होते. कचऱ्याची पेटी रिकामी होती. गाडीमागे चौकापर्यंत गेले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही दारात असे उभे होतात. इतके खूश." तिने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "म्हटलं, उद्या सांगू. मग परवा सांगू. मग सांगण्यात काही अर्थच उरला नाही. सगळ्यांचे गेले त्याचं काही नव्हतं हो. माणसं आहेत, पुन्हा मोजता येतात. आईचा तेवढा हवा होता."

तिने दोरा उचलला, टोक चिमटीत धरलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या हाताची बोटं दोऱ्यावरून सरकायला लागली. पहिल्या गाठीवर आली. थांबली. बोटं दुसरीकडे निघाली. तिथे पोचायच्या आधीच तिचे खांदे उतरले, आणि मला कळलं.

तरी तिने शेवटपर्यंत दोरा चाचपला. मग डोळे उघडले.

"तुमचा आहे," ती म्हणाली.

"माझा?"

"पहिल्या वर्षीचा. तुम्ही हसला होतात ना, तो."

काल रात्रभर टेपने काढलेले ते आकडे घोकत होतो मी. सतरा, साडेतेवीस, पस्तीस. स्वतःचं माप, आणि मला ओळखू आलं नाही. घरादाराला कचऱ्यात घालून मी नेमकं स्वतःला तेवढं जपून ठेवलं होतं, आणि तेही मशीनच्या पावतीबरोबर.

"मला वाटलं, आईंचा असेल," मी म्हणालो. "मी फार चुकलो गं."

ती उठली. दोरा माझ्या छातीभोवती घातला आणि चार गाठींची जागा पुढे ओढून बघितली. चांगली चार बोटं कमी पडत होती.

"बघा," ती म्हणाली, "इतके बारीक होतात. वाऱ्याने उडाला असतात." आणि ती हसली. हसता हसता रडायला लागली आणि माझ्या सदऱ्याला डोकं लावून तशीच उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांचं होतं ते, आवरायला वेळ लागणारच होता.

मग ती बाजूला झाली. डब्यातून पांढऱ्या जाड दोऱ्याचं रीळ काढलं. अजून माझी यादी डब्यावर होती. दोनेक हात दोरा तोडून तिने माझ्या हातात दिला.

"माझं माप घ्या."

"तुझं कशाला?"

"आईचे कपडे मला व्हायचे. लग्नाआधी आम्ही दोघी एकमेकींचे घालायचो. मधे मी बारीक होते, पण आता परत तिच्याएवढी झालेय. परवा जिन्याच्या काचेत बघितलं तर क्षणभर आईच वर येताना दिसली." ती पाठ करून उभी राहिली. "मी किती वर्षं आईचा दोरा करीन म्हणत होते. पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. दुसरं माणूस लागतं."

माझा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेला. तिने मान वळवून पाहिलं. मी हात काढून घेतला.

तिने सांगितलं तसं करत गेलो. दोऱ्याचं टोक एका खांद्यावर धरलं, दुसऱ्या खांद्यापर्यंत नेलं, तिथे एक गाठ. पुन्हा टोक खांद्यावर, मनगटाच्या हाडापर्यंत, दोन गाठी. दोरा तिच्या अंगाला लागत होता, आणि चाळीस वर्षांत मी तिला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. डावा खांदा उजव्याहून जरा खाली होता. मशीनवर वाकून वाकून झाला असेल. मानेमागे एक तीळ होता. तो पूर्वीपासून होता का, तेही मला सांगता आलं नसतं. मानेपासून पार कमरेखालपर्यंत, तीन गाठी. मग छातीभोवती दोरा फिरवला आणि चार गाठी मारता मारता दोरा जरा आवळला.

"ओढू नका," ती म्हणाली. "श्वास घ्यायला जागा ठेवायची असते. टेपवाल्यांना ते कळत नाही."

झालेला दोरा तिने हातात घेतला आणि स्टुलावर बसली. पुन्हा डोळे मिटले. बोटं पहिल्या गाठीवर आली आणि पुढे गेली. दुसऱ्या जागेवर, जिथे दोन गाठी होत्या तिथे, थांबली. मागे आली. पुन्हा तिथे गेली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"काही चुकलं?" मी विचारलं.

"नाही. हे माझं बरोबर आहे." ती डोळे मिटूनच बोलत होती. "आईची बाही अर्धं बोट आखूड. मी दर वेळी माझ्याएवढी कापायची आणि ती मनगटाशी दुमडून घालायची. म्हणायची, असू दे, काम करताना बरं."

तिने नखाने त्या दोन गाठी उकलल्या. मी घट्ट मारल्या होत्या, वेळ लागला. मग अर्धं बोट मागे घेऊन पुन्हा दोन गाठी मारल्या आणि त्यांच्यावर अंगठा ठेवून ती तशीच बसून राहिली.

"आता आई झाली," ती म्हणाली.

तिने तो दोरा डाव्या खणात ठेवला. मग माझा पहिल्या वर्षीचा दोरा उचलला, बोटांवर गुंडाळला आणि त्याच्या शेजारी ठेवला.

"ट्रंकेच्या तळाशी राखाडी कापड आहे," ती म्हणाली. "काढता का?"

मी पलीकडच्या खोलीत गेलो आणि ट्रंकेवरच्या गाद्या उतरवायला लागलो. ती गुणगुणत नव्हती. पण पायडल एकदा हललं, थांबलं, आणि मग हळूहळू चालायला लागलं. मशीनमध्ये दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. मी गाद्या जमिनीवर ठेवल्या आणि ट्रंक उघडली.